हितेंद्रने इंग्रजीत काय लिहून दिलं

आमच्या गॅलरीचा कठडा यंदा दोनदा रंगून झाला. एकदा हिरवा, आणि कोणी काही बोललेलं नसताना पुन्हा राखाडी. मग जिन्याचे गज, पाण्याचे ड्रम, माझ्या खिडकीची जाळी. मी पोळपाट उचलून आत ठेवला. म्हटलं, ह्याचा काय नेम!

रंगवणारा हितेंद्र. लालबागला आमच्या चाळीत माझ्या खोलीला लागूनच त्याची खोली. बोटीवर तो सारंग आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, ते खरवडायचं आणि वर रंग मारायचा, हे त्यांचं रोजचं काम. रजेवर आला की आधी पोटभर झोपतो. बायको कोकणात शाळेत शिकवते, तिला भेटून येतो. आणि परत आला की हातात खरवडणी. पण एरवी एखादं दार रंगवून थांबायचा. ह्या खेपेला थांबेना.

बसणं त्याला लहानपणापासून ठाऊक नाही. त्याचा बाप गुणाजी आणि आमचे हे एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे पोर माझ्याच दारात वाढलं. पंगतीला बसवलं तर भात येईपर्यंत हा उठून मीठ वाढायला लागलेला. शाळेतल्या बाईंनी त्याला फळा पुसायचं काम कायमचं देऊन टाकलं होतं, निदान उभं राहायला कारण म्हणून. गिरण्या बंद पडल्या तेव्हा इथली पोरं जिथे वाट दिसली तिथे गेली. हा बोटीवर चढला. मला वाटलं, चारी बाजूंनी पाणी म्हटल्यावर तरी एका जागी राहील. तर तिथेही दिवसभर चालतो म्हणे, बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता लहूचं सांगते. कॉटन ग्रीनला मंजुळा राहते, माझ्या माहेरच्या वाडीतली. लहू तिचा एकुलता एक. त्याला स्वयंपाकाचा नाद. "बाप्या माणसाने टोप काय ढवळायचे," असं मंजुळा म्हणायची, आणि त्याने केलेलं बांगड्याचं तिखलं पुन्हा पुन्हा वाढून घ्यायची. हितेंद्रने शब्द टाकला आणि लहू त्याच्याच बोटीवर भंडारी लागला. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांची बोट लाल समुद्रातून चालली होती. त्या बाजूला लढाई, बोटींवर आभाळातून हल्ले होतात, हे आपण सगळे टीव्हीवर बघत होतो. अशा पाण्यात जायचं तर खलाशांना आधी विचारायचं असतं. ह्यांना कोणी विचारलं नाही. दुपारच्या चहाच्या वेळी वरून एक ड्रोन आलं, भंडारखान्यावर आदळलं आणि फुटलं. लहू त्यात मेला.

हे मी आज सरळ लिहिलं. तेव्हा मला कोणी असं सांगितलं नव्हतं. आमच्यात गेल्याची बातमी सरळ सांगतच नाहीत. गिरणीत कोणाच्या घरी काही झालं तर मुकादम साच्यापाशी येऊन म्हणायचा, "घरी जा, पाहुणे आलेत." गावाहून तार यायची ती "सिरियस, लवकर या" एवढीच. माणूस त्यातून निम्मं समजून घ्यायचा, उरलेलं वाटेत. दाराशी पोचेपर्यंत मनाची तयारी झालेली असायची. ह्याला आम्ही कधी खोटं म्हटलं नाही. माया म्हणतो.

हितेंद्र ह्यातच वाढलेला. बोटीवरून मंजुळाला फोन करायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, भंडारखान्यात जरा आग लागली. लहूला थोडं भाजलंय. डॉक्टर बघतायत." लहूला जाऊन तेव्हा रात्र उलटली होती. मग त्याने मला फोन केला, "काकी, लहू गेला, तू जा तिच्याकडे," आणि फोन तुटला. मी गावच्या दोघी बायकांना घेऊन गेले. आम्हाला दारात बघूनच मंजुळाला कळलं. "चहा ठेवते," म्हणाली आणि ठेवायला काही हलली नाही.

मुलगा गेला हे तिला कळलं. पण कसा गेला, ते मात्र फोनवरचंच तिच्यापाशी राहिलं. आग लागली. कंपनीचा माणूस भेटायला आला, त्यालाही तिने तेच सांगितलं, "हितेंद्रनेच सांगितलं हो." त्याने मान हलवत सगळं मोबाईलात उतरवून घेतलं. शेजारीपाजारी तेच गेलं. टीव्हीवर हल्ल्याची बातमी आली असेल तर असेल, तिने तेव्हापासून टीव्ही लावला नव्हता. आणि भंडाऱ्याच्या खोलीत आग लागली म्हटलं की पुढचं लोक आपलं आपण जोडतात.

हितेंद्र काही महिन्यांनी उतरून घरी आला. एकदाच कॉटन ग्रीनला गेला, दाराशी उभ्याउभ्या फळांची पिशवी दिली आणि परत आला. त्यानंतर हा रंग सुरू झाला.

तो माझी जाळी रंगवत होता त्या रविवारी कंपनीचा कागद आला. घरी माझी नात श्रेया होती. ती प्रभादेवीला एका इंग्रजी बातम्यांच्या ऑफिसात आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी साफ करते. मी चौथी शिकलेली, मला एवढंच कळतं की ती आम्ही तांदूळ निवडायचो तसे शब्द निवडते, आणि पगार मात्र आमच्यापेक्षा बरा घेते.

"श्रेया, जरा नजर टाक गो," हितेंद्र खिडकीतून म्हणाला. "सही करून पाठवायचंय. पुढच्या बोटीचा कॉल त्यांच्याकडूनच येणार आहे."

श्रेयाने वाचलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आजी, ऐक. जहाजाच्या परिसरात एका हवाई वस्तूशी संबंधित घटना घडली. भंडारखान्यातून आग सुरू झाली. त्यात एक कर्मचारी दगावला."

"एवढं गोड कोणी लिहिलं?" मी म्हटलं. "लग्नाची पत्रिका वाटते."

"पुढे ऐक. आगीची माहिती सारंग हितेंद्र यांनी स्वतः कुटुंबाला दिली होती." तिने कागद खाली ठेवला. "मामा, असंच झालं का?"

त्याच्या ब्रशमधून रंग टपटपत होता, माझ्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर. आणि तिथे खिडकीबाहेर उभ्याउभ्याच त्याने पहिल्यांदा सांगितलं, काय झालं ते.

ऐकून झाल्यावर श्रेया म्हणाली, "मग ह्यावर सही करू नकोस. तू तुझं लिही. तुला इंग्रजी येतं ना?"

"बोटीवरचं येतं. दोरी सोड, दोरी ओढ."

"तेवढं पुरे."

तो खरंच लिहून घेऊन आला, दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून यायच्या आधीच. खुर्ची दिली तर खुर्चीच्या पाठीला धरून उभा. श्रेया वाचायला लागली आणि सुरू झालं दोघांचं.

"टेररिस्ट मिसाईल अटॅक. मामा, टेररिस्ट तू बघितलेस?"

"टीव्हीवर म्हणत होते."

"टीव्हीवाल्यांचं टीव्हीवाले सांगतील. तू काय बघितलंस?"

"काळं काहीतरी. पंख होते."

"केवढं?"

"ह्या कॉटएवढं. थोडं लांब."

"आवाज?"

तो माझ्याकडे वळला. "काकी, खालून दूधवाल्याची लुना जायची, आठवते? तसा. मला आधी वाटलं खालच्या इंजिनात काही बिघडलं."

"कॉटएवढं, पंख, लुनाचा आवाज. त्यात माणूस बसेल?"

"छे."

"मग मिसाईल काढ. ड्रोन लिही. आणि कुठून आलं?"

"डाव्या अंगाने. पाण्यावरून खाली खाली उतरत."

"हे सगळ्यात चांगलं, हेच राहू दे. कोणी सोडलं?"

"मला काय माहीत?"

"तसंच लिही. कोणी सोडलं मला माहीत नाही."

"असं लिहायचं?" तो हसला. "मग साहेब म्हणेल, ह्याला काहीच माहीत नाही."

"मामा, दिवसभर मी हेच करते," श्रेया म्हणाली. एरवी ती ऑफिसचं काही सांगत नाही, घरी आली की केस सोडते आणि गप्प पडते. "कुठेतरी कोणीतरी विमानातून बॉम्ब टाकतं, आणि माझ्याकडे बातमी येते, इमारत कोसळली, माणसं मरण पावली. जशी काही ती इमारत कंटाळून बसली खाली. मी विचारत राहते, कोणी टाकला, कशातून, कोणावर पडला. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पण 'घडलं' म्हणू नका. माझ्या ऑफिसात मला वैतागलेत सगळे."

"घरीही तेच आहे," मी म्हटलं. पण मला पोरीचं कौतुक वाटलं. आणि थोडी भीतीही, की ही एवढं मरण रोज वाचते आणि मग माझ्याकडे येऊन जेवते.

एकेक वाक्य होत गेलं. ड्रोन आदळलं. ड्रोन फुटलं. मग आग लागली. ह्या 'मग'वर श्रेयाने बोट आपटलं, कंपनीच्या कागदात तेवढंच गाळलं आहे म्हणाली. हितेंद्र वाक्य झालं की गॅलरीत एक फेरी मारून यायचा आणि पुढच्याला उभा राहायचा. असं करत ते शेवटच्या ओळीपाशी आले.

"लहू एक्सपायर्ड," श्रेयाने वाचलं. "एक्सपायर औषध होतं, मामा. इथे लिहू या, स्फोटाने त्याला मारलं."

"नको."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण मारलं नको. 'गेला' लिही."

"कुठे गेला?" श्रेया बोलून गेली, आणि लगेच जीभ चावून खाली बघायला लागली.

हितेंद्र बाहेर गेला. ह्या वेळी फेरी संपेना. कठड्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला त्याच्या चपलांचा आवाज. मी गुडघे धरत बाहेर गेले.

"काकी, हा कागद उद्या कोणीतरी मावशीला वाचून दाखवणार," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं होतं, जरा आग लागली. थोडं भाजलंय. ती त्या रात्री देवाला नारळ बोलली असेल. मी तिला हे कुठल्या तोंडाने सांगू? राहू दे आग. आग लागली यात तिला निदान काही चित्र दिसत नाही."

"तुला कोणी सांगितलं दिसत नाही म्हणून?" मी म्हटलं. हे सांगावं की नाही ह्याचा मी बरेच दिवस विचार करत होते. "मी गेले होते तिच्याकडे मागच्या आठवड्यात. फोटोला हार घालत होती आणि शिव्या देत होती. 'मेल्या, तेल तापत ठेवून मोबाईल बघत बसलास. शंभरदा सांगितलं होतं.' शेजारीण म्हणाली, रोजचं आहे. सकाळी हार, मग शिव्या."

त्याच्या चपला थांबल्या.

"त्याला शिव्या देते?"

"मग कोणाला देईल? तू तिला आगच दिलीस ना."

तो उभा राहिला. मला वाटलं आता रडेल, पण त्याने खिशातून टॅक्सीसाठी मोबाईल काढला. "चल," म्हणाला. "श्रेया, तूही चल. कागद घे."

"अरे, मी गाऊनवर आहे!" मी म्हटलं.

"मग साडी नेस, मी खाली थांबतो," असं म्हणत तो जिना उतरूनसुद्धा गेला.

मंजुळाकडे पोचलो तेव्हा ती तांदूळ धूत होती. आम्हा तिघांना एकदम बघून तिचे हात पाण्यातच राहिले. मी अशीच दोघी बायकांना घेऊन आले होते तेव्हा काय झालं, ते तिलाही आठवलं असणार. मी घाईने म्हटलं, "कोणाला काही झालं नाही गो. हितेंद्रला बोलायचंय."

"मग बसान बोल."

"मला उभ्यानेच येतं, मावशी." त्याने दाराची चौकट धरली. "मी तुला फोनवर सांगितलं ते तसं नव्हतं."

"माका म्हायत आसा. तेव्हा तो गेलेलोच होतो."

"ते नाही. आगीचं."

आणि त्याने सांगितलं. कागदात होतं त्याच क्रमाने, मराठीत. डाव्या बाजूने ड्रोन आलं. भंडारखान्यावर आदळलं, फुटलं, मग आग लागली. मधे एकदा तो "म्हणजे जरासं" असं म्हणायला लागला, आणि स्वतःच थांबून पुन्हा नीट बोलला.

मंजुळाने हात पाण्यातून काढले. मग तिने जे विचारलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"म्हणजे तेल नाय?"

"नाही, मावशी."

"आणि शेगडी?"

"बंद होती. चहा झाला होता. मला कप दिला दारातून, म्हणाला, साखर कमी घातली आहे, तुझं पोट सुटलंय. आणि बाकीच्यांचे कप आणायला आत वळला."

"शेगडी त्येनीच बंद केल्ली?"

"त्यानेच. बटण फिरवताना मी बघितलं."

तिने ओल्या हाताने त्याच्या दंडावर मारलं. एकदा, मग पुन्हा, चांगलं जोरात. "आणि इतके म्हयने माका कित्याक नाय सांगलंस? मी त्येका काय काय बोललंय! रोज बोललंय!" हितेंद्र हललासुद्धा नाही. मी तिला आवरायला उठत होते, श्रेयाने माझा पदर धरला. बरं केलं.

हात थकल्यावर मंजुळा खाली बसली. पदराने तोंड पुसलं, आणि श्रेयाला म्हणाली, "त्या कागदात शेगडीचा लिवलंस?"

श्रेयाने कागद उलटा सुलटा केला. एवढं साफ करणारी पोर, तिला ते सुचलं नव्हतं, आणि हितेंद्रला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. लहूने शेगडी बंद केली होती हे फक्त त्याच्या आईला विचारावंसं वाटलं. श्रेयाने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "द स्टोव्ह वॉज ऑफ. लहू हॅड टर्न्ड इट ऑफ."

"परत वाच."

तिने परत वाचलं. मग चाचरत मंजुळाला म्हणाली, "आजी, शेवटी लिहिलंय, स्फोटाने त्याला मारलं. चालेल का? नाहीतर बदलते."

"मारल्यानच. मग दुसरा काय लिवतलंस?" मंजुळा म्हणाली.

हितेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने त्याला हाक मारली. "हितेंद्रा, तो लगेच गेलो?"

"हो," तो पटकन म्हणाला. "काही त्रास झाला नाही त्याला."

"हितेंद्रा."

तो भिंतीपासून वळला. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "काकी, तुम्ही दोघी जरा बाहेर थांबता?" आम्ही बाहेर थांबलो. गोदामांच्या बाजूने ट्रक जात होते, श्रेया नखं कुरतडत होती, आणि आत तो बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही आणि मंजुळाने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन बॅलार्ड इस्टेटला कंपनीत गेला. तिथल्या साहेबाने दोनदा वाचला. "सारंग, सगळं ठीक आहे, फक्त 'अटॅक'च्या जागी 'इव्हेंट' केलं तर?" हितेंद्र म्हणाला, "साहेब, इव्हेंट लग्नाच्या हॉलमध्ये असतो." साहेब म्हणाला, तुमच्या आधीच्या बोलण्याशी हे जुळत नाही. हा म्हणाला, "आधीचं मी एका आईला सांगितलं होतं. हे तुम्हाला सांगतोय." शेवटी शिक्का मारून कागद घेतला. पुढे त्याचं काय करणार कोण जाणे. श्रेया म्हणते, चौकशी व्हायला वर्षही लागेल आणि अहवालात पुन्हा 'घटना' येऊ शकते. बोटीचा कॉल आला तो दुसऱ्या कोणाला. हितेंद्र दुसऱ्या कंपन्यांच्या दारात हेलपाटे घालतो आणि फोन वाजला की अंघोळीतून ओलाच धावतो. बायको गावाहून विचारते, "आता काय?" तो म्हणतो, "बघू." मला विचाराल तर मलाही रात्री झोप लागत नाही त्याच्या काळजीने. पण कागद बदलून दे असं मी त्याला म्हटलेलं नाही.

मंजुळाकडे मी मधे गेले होते. ती नळावर होती. जिने पहिल्यांदा "बिचारा, लक्ष नसेल त्याचं" असं म्हणत वस्तीभर गोष्ट फिरवली होती, ती बाई नेमकी तिच्या पुढे हंडा लावून उभी. मंजुळा सरळ तिच्या तोंडावर म्हणाली, "द स्टोव्ह वॉज ऑफ."

"काय गो? काय म्हणतेस?"

"हंडो बाजूक घे, सांगतंय," मंजुळा म्हणाली, आणि नळ बंद करून सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.